‘द ट्रूपर’ : एक गाणे, एक रेजिमेंट आणि कोटा-की-सराय

आजचा धागा गाण्याचा आहे. वाट मात्र १८५४ च्या क्रिमियातून १८५८ च्या ग्वाल्हेरला आणि तेथून आमच्या शेजारच्या पेण तालुक्यात येते. लांब आहे, सवडीने वाचा.

गाणे आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचे, ‘द ट्रूपर’. १९८३ च्या ‘पीस ऑफ माइंड’ या अल्बममधले, बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने लिहिलेले. मी ते प्रथम ऐकले तेव्हा अकरावीत होतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत दुसरी पाळी सुटण्याची वेळ होती आणि मित्राच्या खोलीत, फोनच्या चिरक्या आवाजात ते लागले होते. शब्द एकही कळला नाही. घोडे मात्र तत्काळ कळले.

घोडे कळतात ते ठेक्यामुळे. एक लांब आणि दोन आखूड ठोके, पुन्हा एक लांब, दोन आखूड. भरधाव टापांचा हाच हिशेब. त्यावर डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ यांच्या दोन गिटारी एकच धून वाजवतात, पण सा आणि ग यांच्यात असते साधारण तेवढे अंतर राखून. दोन स्वार रिकिबीला रिकीब लावून दौडत आहेत असा भास होतो.

बहुतेक चाहते गाण्याची थोरवी या दौडीत शोधतात. मला ते पटत नाही. अशी दौड याच बँडच्या इतर गाण्यांतही आहे. ‘द ट्रूपर’ची थोरवी ते जेथे थांबते तेथे आहे. कडवे सुरू झाले की गिटारी गप्प होतात आणि त्या पोकळीत ब्रूस डिकिन्सनचा आवाज जवळजवळ एकटा एक ओळ म्हणतो. मग वाद्ये पुन्हा उसळतात, पुन्हा थांबतात. बोलतो आहे तो एक साधा घोडेस्वार, प्रथमपुरुषी एकवचनात. त्याला नाव नाही. शेवटी तो रणात एकटाच मरून पडतो.

आपल्या पोवाड्याशी हे ताडून पाहा. शाहिराची ओळ संपते न संपते तोच झीलकरी ती उचलतात. डफ आणि तुणतुणे त्याला एकटे पडू देत नाहीत. अगिनदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्यापासून ही परंपरा नायकाचे नाव गर्जून सांगत आली. (पोवाड्याच्या प्रेमिकांनी रागावू नये, मीही त्यांतलाच.) पण हुकूम ऐकून मरणाऱ्या शिलेदाराला एकट्याने बोलायला जागा पोवाड्यात क्वचितच मिळते.

आता इतिहास. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातील बालाक्लाव्हा. टेकडीवरून लॉर्ड रॅग्लनला दिसत होते की रशियन सैनिक जिंकलेल्या तोफा ओढून नेत आहेत. त्या वाचवा, असा त्याचा हुकूम. खाली उभ्या लॉर्ड लुकनला त्या तोफा दिसतच नव्हत्या. कोणत्या तोफा, असे विचारल्यावर निरोप आणणाऱ्या कॅप्टन नोलनने नुसता हात दाखवला. तो नक्की कोठे दाखवला यावर आजही वाद आहे आणि खुलासा करायला नोलन उरला नाही. चढाईच्या आरंभीच तो पडला. सुमारे ६७० स्वार, तिन्ही बाजूंनी तोफा असलेल्या दरीत, सव्वा मैल दौडत गेले. शंभराहून अधिक ठार झाले. डिसेंबरात टेनिसनची कविता छापून आली आणि घोडचूक वीरगाथा झाली. टेनिसन त्या स्वारांकडे बाहेरून पाहतो, त्याचे स्वार ‘ते’ आहेत. हॅरिसचा स्वार ‘मी’ म्हणतो.

त्या लाइट ब्रिगेडमध्ये पाच रेजिमेंट होत्या. त्यांतली एक, ८ वी हुसार्स.

गेल्या जूनमध्ये त्याच मित्राने मला विचारले, “राणीच्या पुण्यतिथीला स्टेटस ठेवतोस आणि दुसऱ्या दिवशी तिला मारणाऱ्या पलटणीचे गाणे ऐकतोस?” त्याची माहिती बरोबर होती. उठाव मोडण्यासाठी ८ वी हुसार्स हिंदुस्थानात आणली गेली. १७ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे तिच्या एका तुकडीने केलेल्या चढाईत झाशीची राणी लक्ष्मीबाई पडली. (आपल्याकडे पुण्यतिथी १८ जूनला पाळतात.) या चढाईसाठी रेजिमेंटला चार व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्यांतला एक मानकरी कॅप्टन हेनेज बालाक्लाव्हाच्या दरीतूनही दौडत गेलेला होता. त्याच ब्रिगेडमधली १७ वी लान्सर्स पुढे तात्या टोपेंच्या पाठलागावर होती.

तेव्हा मी ‘कला वेगळी, इतिहास वेगळा’ असे काहीसे उत्तर दिले. ते पळपुटे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी असे म्हणू नये.

गंमत अशी की, गाण्याच्या चित्रफितीत १९३६ च्या एका हॉलिवूडपटाची दृश्ये वापरली आहेत. त्या चित्रपटात सुरत खान नावाचा काल्पनिक हिंदी संस्थानिक इंग्रजांची कत्तल करतो आणि लाइट ब्रिगेड त्याचा सूड घ्यायला बालाक्लाव्हाला दौडते! इतिहासात क्रम उलटा आहे. बालाक्लाव्हा आधी घडले, हिंदुस्थान नंतर. चित्रपटाने आपल्याला अपराधी ठरवून त्या स्वारांचे हात धुऊन दिले. गाण्याचे शब्द तसे करत नाहीत. ते सूड, न्याय, साम्राज्य यांपैकी कशाचीही ग्वाही देत नाहीत. मरणाऱ्याचे चार शब्द तेवढे देतात.

आणि टापांखालच्या माणसाचे शब्द? ते आमच्या जिल्ह्यात आहेत. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये चार पैसे मिळवायला उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. तेथे सैन्य दुसरे होते, पण भयाची जात तीच. लपून बसणे, लूट, गल्लीतली प्रेते, झाशी पडल्यानंतर वाटेत विहिरीपाशी झालेली राणीची भेट, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापले. गोडसेभटजीही ‘मी’च म्हणतात. ते सेनापती नव्हते, शाहीर नव्हते. दक्षिणेच्या आशेने घर सोडलेले एक कर्जबाजारी भिक्षुक होते.

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडनने हे गाणे वाजवले. आपली हजारो मुले त्यातला ओ-ओ-चा गजर करत होती. या गाण्याला तांबडा लष्करी कोट घालून युनियन जॅक फडकवण्याची डिकिन्सनची जुनी रीत आहे. (कोट चुकीचा आहे, लाइट ब्रिगेडचा गणवेश निळा होता.) तो झेंडा मला आजही खुपतो. गाणे मी सोडलेले नाही. कडव्यात गिटारी थांबतात तेव्हा आता त्या पोकळीत मला त्या स्वाराच्या जोडीला वरसईचा एक माणूसही श्वास रोखून बसलेला ऐकू येतो.

मित्राला मी ‘माझा प्रवास’ वाचायला दिले आहे. अजून परत आलेले नाही.