कुलूप कोणते, ते आधी ओळखा



आपल्या वस्त्यांमधून आता बऱ्याच घरांत सेकंडहँड लॅपटॉप आला आहे. नवा घेण्याची ऐपत नाही आणि मुलांच्या अभ्यासाला तर तो हवाच. मग कोणी बचत गटातून कर्ज काढते, कोणी भिशीचा नंबर लागला की घेते. कोणी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणते, तर कोणी गावातल्याच दुरुस्तीच्या दुकानातून. यातले पुष्कळसे लॅपटॉप मोठ्या कचेऱ्यांनी वापरून काढून टाकलेले असतात आणि चांगले चालतातही. परंतु एखाद्या दिवशी पडद्यावर पासवर्ड मागितला जातो. तो कोणाला आठवत नाही, किंवा मुळात कोणाला माहीतच नसतो. पोटाला चिमटा काढून घेतलेली वस्तू डोळ्यांदेखत बंद पडते. अशा वेळी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचा विचार आज करू.

आमच्या माहितीतील एका घरची गोष्ट सांगतो. आई घरकाम करणारी, वडील रिक्षा चालवणारे, मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षेच्या दिवसांत धाकट्या भावंडांनी हात लावू नये म्हणून मुलीने लॅपटॉपचा पासवर्ड बदलला. परीक्षा झाली, ती महिनाभर आजोळी जाऊन आली आणि परत आल्यावर पासवर्ड काही केल्या आठवेना. आत तिचा प्रोजेक्ट होता, शिष्यवृत्तीच्या अर्जाचे कागद होते. वडील दुकानात गेले. दुकानदाराने लॅपटॉप उघडून बघण्याआधीच सांगितले, "हार्ड डिस्क लॉक झाली, बदलावी लागेल, तीन हजार होतील. आतले काही मिळणार नाही." घरात सगळा दोष मुलीवर आला. "कशाला द्यायची असली वस्तू हिच्या हातात," इथपर्यंत बोलणे गेले.

पुढे वस्तीतल्याच अभ्यासिकेतील एका मुलाने लॅपटॉप नीट पाहिला. कुलूप साध्या विंडोज खात्याचे होते. डिस्कला काही झाले नव्हते. त्याने दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून मुलीचे सगळे कागद बाहेर काढले आणि मग विंडोज नव्याने घातली. खर्च झाला तो दोन पेनड्राइव्हचा. म्हणजे दुकानदाराने कुलूप कोणते ते न बघताच दरवाजा तोडायचे पैसे सांगितले होते.

म्हणून पहिली गोष्ट ही की लॅपटॉप दुकानात नेण्याआधी घरी शांतपणे दोन प्रश्नांची उत्तरे काढावीत. कुलूप कोणत्या जागी आहे? आणि आपल्याला आतले कागद हवेत, की नुसता लॅपटॉप चालू व्हायला हवा?

त्याआधी अगदी साध्या गोष्टी तपासाव्यात. कॅप्स लॉक चालू असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. जुन्या लॅपटॉपचे एखादे बटन नीट उमटत नाही. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचे चिन्ह असते, ते दाबले म्हणजे आपण काय टाइप केले ते दिसते. खाली कोपऱ्यात कीबोर्डची भाषा दिसते, ती मराठीवर असेल तर इंग्रजीवर आणावी. आणखी एक घोटाळा फार होतो. पिन वेगळा आणि पासवर्ड वेगळा. मशीन पिन मागत असताना माणूस पासवर्ड टाकत बसतो.

आता कुलुपांकडे वळू. सर्वसाधारणपणे चार प्रकार भेटतात.

पहिला प्रकार विंडोजचा. लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो, चित्र येते, नाव दिसते आणि पासवर्ड मागितला जातो. नावाखाली ईमेल पत्ता दिसत असेल, तर ते मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन खाते समजावे. त्याचा पासवर्ड मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन बदलता येतो. खात्याला जोडलेल्या मोबाइल नंबरवर किंवा दुसऱ्या ईमेलवर कोड येतो. नंतर लॅपटॉप इंटरनेटला जोडून नवा पासवर्ड टाकायचा. ईमेल दिसत नसेल, तर खाते त्या मशीनपुरतेच असू शकते. असे खाते उघडताना विंडोज तीन प्रश्न विचारून ठेवते. एकदा चुकीचा पासवर्ड टाकला की खाली 'रीसेट पासवर्ड' असे येते. ते दाबून त्या प्रश्नांची उत्तरे दिली की नवा पासवर्ड ठेवता येतो.

उत्तरेही आठवत नसतील आणि आत आपले काहीच नसेल, तर लॅपटॉप कोरा करून घ्यावा. पासवर्डच्या पडद्यावरच बंद-चालूचे चिन्ह असते. शिफ्टचे बटन दाबून धरून तिथले 'रीस्टार्ट' निवडावे. मग 'ट्रबलशूट', 'रीसेट धिस पीसी' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' या क्रमाने गेले की मशीन नव्यासारखे होते. यात आतले सगळे पुसले जाते, हे पक्के लक्षात ठेवावे. आत कागद असतील तर आधी ते जाणकाराकडून बाहेर काढून घ्यावेत. दुकानदार विंडोजचे वेगळे पैसे मागत असेल, तर एक गोष्ट त्याला विचारावी. २०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हापासून कारखान्यातून विंडोजसह आलेल्या बहुतेक लॅपटॉपच्या आतच तिचा परवाना नोंदलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा घातली तर नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही.

दुसरा प्रकार डिस्कच्या कुलुपाचा. निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर' असे नाव येते आणि ४८ अंकी किल्ली मागितली जाते. येथे आतली सगळी माहिती सांकेतिक रूपात असते. ही किल्ली पुष्कळदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली सापडते, म्हणून आधी तिथे पाहावे. ती कुठेच मिळाली नाही, तर आतले कागद कोणीही काढून देऊ शकत नाही. "मी काढून देतो, आगाऊ पैसे द्या," असे म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. लॅपटॉप मात्र वाया जात नाही. डिस्क पुसून पेनड्राइव्हवरून नवी विंडोज घालता येते. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो.

तिसरा प्रकार मशीनच्या मुळाशी असलेल्या कुलुपाचा. याला बायोस पासवर्ड म्हणतात. विंडोज सुरू होण्यापूर्वीच, कंपनीचे चिन्ह दिसते त्या वेळी, काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला जातो. हे कुलूप विंडोज बदलून किंवा डिस्क बदलून जात नाही. आतली छोटी बॅटरी काढली की ते निघते अशी समजूत आहे. पण कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये तसे सहसा होत नाही. थिंकपॅड या लॅपटॉपचा मुख्य पासवर्ड हरवला, तर मदरबोर्ड बदलावा लागतो असे त्याची कंपनीच सांगते. तो खर्च लॅपटॉपच्या किमतीला जाऊन भिडतो. असे कुलूप जुन्या मालकाकडूनच काढून घ्यावे, नाहीतर लॅपटॉप परत करावा.

चौथा प्रकार सर्वांत फसवा. लॅपटॉप दुकानात व्यवस्थित चालतो. घरी आणून कोरा केला आणि इंटरनेटला जोडला की पडद्यावर कुठल्यातरी कंपनीचे किंवा संस्थेचे नाव येते आणि तिथला ईमेल मागितला जातो. म्हणजे ते मशीन त्या संस्थेच्या नोंदवहीत अजून आहे. कितीही वेळा विंडोज घातली तरी हा पडदा पुन्हा पुन्हा येऊ शकतो. ही नोंद त्या संस्थेलाच काढता येते. ॲपलच्या लॅपटॉपचेही असेच आहे. २०१८ पासूनच्या बहुतेक मॅकबुकना 'ॲक्टिव्हेशन लॉक' लागू शकतो. जुना मालक घरी बसून आपल्या खात्यातून तो काढू शकतो. म्हणून पैसे देण्यापूर्वीच त्याच्याकडून तो काढून घ्यावा.

आता न करण्याच्या गोष्टी. इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधून फोन करू नये. असे खोटे नंबर पुष्कळ असतात. समोरचा माणूस गोड बोलून मोबाइलमध्ये एखादे ॲप घालायला सांगतो आणि बँकेचे खाते रिकामे करतो. लॅपटॉप उघडायला गेलो आणि बचत गटाचा हप्ता गमावून बसलो, असे होता कामा नये. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर तक्रार करावी. फुकट पासवर्ड तोडून देणारी सॉफ्टवेअरही उतरवून घेऊ नयेत, त्यांतून व्हायरस येतात.

दुसरे असे की लॅपटॉप चोरीचा असल्याचा संशय आला, तर कुलूप तोडण्याच्या फंदात पडू नये आणि तो पुढे कोणाला विकूही नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ब प्रमाणे चोरीचा संगणक जाणूनबुजून घेणे किंवा ठेवणे हा गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गरिबाच्या घरात सापडलेल्या वस्तूवर संशय लवकर घेतला जातो, हे आपण अनुभवाने जाणतोच. त्या वेळी आपल्या बाजूने बोलतो तो फक्त कागद.

म्हणूनच विकत घेताना पावतीचा आग्रह सोडू नये. पावतीवर तारीख, रक्कम, दुकानाचा शिक्का आणि लॅपटॉपच्या मागचा सिरियल नंबर असावा. विकणारा खाजगी माणूस असेल, तर साध्या कागदावर त्याचे नाव, पत्ता, फोन आणि सही घ्यावी. नातेवाईक असला तरी घ्यावी. त्यात अविश्वास नाही, व्यवहार आहे. पैसे देण्यापूर्वी दुकानातच लॅपटॉप कोरा करायला सांगावा, आपल्या मोबाइलचे इंटरनेट जोडावे आणि आपल्या नावाने खाते उघडेपर्यंत तिथून हलू नये. सुरू होताना डेलला एफ२, एचपीला एफ१०, लिनोव्होला एफ१ किंवा एफ२ दाबून बायोस पासवर्ड मागतो का तेही पाहावे. यात तासभर जातो. तो तास पुढचे हजारो रुपये वाचवतो.

आणखी एक पाहावे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. फार जुना प्रोसेसर तिला चालत नाही. दुकानदार फार जुना लॅपटॉप गळ्यात मारत असेल तर हे विचारावे. घरात असा लॅपटॉप आधीच असेल, तर तो टाकून देऊ नये. उबुंटू किंवा लिनक्स मिंट फुकट मिळते. त्यावर मराठी टाइपिंग होते, शिष्यवृत्तीचे अर्जही भरता येतात.

दुकानदाराने कुलूपबंद लॅपटॉप दिला आणि तो परत घ्यायला तयार नसेल, तर गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तेवढ्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. पावती मात्र हवी.

शेवटी घरच्यासाठी दोन शब्द. पासवर्ड एका वहीत लिहून ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी. खात्याला मोबाइल नंबर जोडताना चालू असलेलाच जोडावा, कारण बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो आणि मग कोड त्याच्याकडे जातो. जातीचा दाखला, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचे कागद लॅपटॉपमध्ये एकाच ठिकाणी न ठेवता डिजिलॉकरमध्ये आणि एका पेनड्राइव्हवरही ठेवावेत. म्हणजे लॅपटॉप बंद पडला तरी अर्जाची तारीख चुकणार नाही.

आणि मुलगी पासवर्ड विसरली, तर तिच्यावर आवाज चढवू नका. कचेरीतले साहेबही विसरतात, त्यांचा संगणक कोणी काढून घेत नाही. आपल्या घरात मात्र अशा एका चुकीवरून मुलीच्या शिक्षणाचाच विषय निघतो. कुलूप उघडण्याचे मार्ग वर सांगितले आहेत. एकदा हातून सुटलेले शिक्षण पुन्हा धरणे त्याहून फार कठीण असते.