सर्वांत मोठा कोळी: पाय मोजायचे की धड?

भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसला की घरात एकच गोंधळ उडतो. मुले पलंगावर चढतात, कुणी झाडू आणायला धावते. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी त्याचे वर्णन सुरू होते आणि दर वर्णनागणिक कोळी वाढत जातो. संध्याकाळपर्यंत तो ताटलीएवढा होतो आणि एखादा जाणकार सांगून मोकळा होतो, ‘‘तो टॅरंटुलाच असणार!’’

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील जुने मराठी घर असो की नव्या वसाहतीतील फ्लॅट, भिंतीवरचा हा पाहुणा बहुधा टॅरंटुला नसतोच. तो असतो घरांत वावरणारा शिकारी कोळी. शास्त्रज्ञ त्याला हेटेरोपोडा व्हेनेटोरिया म्हणतात. पाय पसरले तर तो 10-12 सें.मी. भरतो, पण त्याचे धड जेमतेम अडीच सें.मी. असते. म्हणजे आपण ज्याला घाबरतो, त्यातले बरेचसे पायच असतात!

एक स्पर्धा, तीन निकाल

जगातला सर्वांत मोठा कोळी कोणता, या प्रश्नाचे उत्तरही आपण काय मोजतो यावर अवलंबून आहे. दक्षिण अमेरिकेतील गोलायथ टॅरंटुला (थेराफोसा ब्लाँडी) हा वजनाचा विजेता. त्याचे वजन 170 ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे कोंबडीच्या तीन अंड्यांएवढे. धड 12 सें.मी.च्या आसपास असते. एप्रिल 1965 मध्ये व्हेनेझुएलात एका मोहिमेला सापडलेल्या नराच्या पायांचा विस्तार 28 सें.मी. होता.

पण पायांच्या विस्तारात त्याला मागे टाकणारा निघालाच. लाओसच्या गुहांतील हेटेरोपोडा मॅक्सिमा या कोळ्याची शास्त्रीय नोंद 2001 मध्ये झाली. त्याचे पाय मुलांच्या फूटपट्टीएवढे, म्हणजे 30 सें.मी.पर्यंत पसरतात. धड मात्र अवघे 4.6 सें.मी. हा टॅरंटुला नव्हे, तर आपल्या भिंतीवरच्या कोळ्याचाच भाऊबंद. पाय मोजले तर हा पहिला. धड मोजले किंवा तराजूत घातले तर गोलायथच्या जवळपासही नाही.

ब्राझीलचा लासिओडोरा पॅराहायबाना हा टॅरंटुलाही पायांच्या मापात गोलायथच्या जवळ पोहोचतो. वजनात मात्र मागे पडतो.

माप घेण्यातल्या अडचणी

कोळ्याचे माप घेणे वाटते तितके सोपे नाही. पाय लांब करण्यासाठी तो स्नायूंबरोबर शरीरातील द्रवाचा दाब वापरतो. मेल्यावर दाब जातो आणि पाय आत मुडपतात, म्हणून मेलेला कोळी लहान दिसतो. उलट त्याने टाकलेली कात ओली असताना ताणली, तर ती खऱ्यापेक्षा मोठी दिसते. पोटाचाही भरवसा नाही. पोटभर जेवलेल्या किंवा अंडी धरलेल्या मादीचे पोट फुगते, उपाशी राहिली की आक्रसते.

म्हणून अभ्यासक डोके व छाती मिळून बनलेल्या पुढच्या भागावरील कठीण कवच मोजतात. ते दोन काती टाकण्याच्या दरम्यान बदलत नाही. नर व मादी यांतही फरक असतो. नर सडपातळ व लांब पायांचा, तर मादी जड आणि दीर्घायुषी. वर सांगितलेला 28 सें.मी.चा कोळी नर होता, हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

मोजमाप चुकले की काय होते, याचे मोठे उदाहरण अर्जेंटिनातले. 1980 मध्ये तेथील एका जीवाश्माला पुराणकाळातील महाकाय कोळी ठरवण्यात आले आणि पायांचा विस्तार अर्ध्या मीटरच्या आसपास धरला गेला. 2005 मध्ये सिद्ध झाले की तो कोळी नव्हताच; तो पाण्यातील विंचवासारखा एक प्राणी होता.

आपल्याकडचे टॅरंटुला

भारतातही टॅरंटुला आहेत. पूर्व व पश्चिम घाटांतील झाडांच्या ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया रेगालिस पायांसकट सुमारे 18 सें.मी. भरतो. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे मिळालेल्या निळ्या टॅरंटुलाचे वर्णन पोकॉक यांनी 1899 मध्ये केले. त्यानंतर तो थेट 2001 मध्ये, नंद्याल व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात अभ्यासकांना पुन्हा दिसला. आकार आणि रंग यांच्या हौसेपायी परदेशांत हे कोळी पाळले जातात. म्हणूनच 2019 मध्ये या संपूर्ण प्रजातीचा व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आणण्यात आला.

ओळखायचे कसे? टॅरंटुला जाड, केसाळ आणि भरदार असतो. त्याचे सुळे समांतर, खाली रोखलेले असतात. तो बीळ किंवा झाडाची ढोली सोडून सहसा फिरत नाही. घरातला शिकारी कोळी चपटा असतो, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरतो आणि भिंतीवर सुसाट पळतो. छातीखाली पांढरी चपटी टिकली धरलेली दिसली, तर ती मादी आहे आणि ती टिकली म्हणजे तिच्या अंड्यांची पिशवी.

आकार म्हणजे विष नव्हे

मोठा कोळी तेवढा विषारी, हा समज खोटा आहे. महाकाय गोलायथचा दंश दुखतो खरा, पण त्याने माणसाच्या जिवावर बेतत नाही. त्याच्यापेक्षा कमी पसाऱ्याच्या भारतीय पोइसिलोथेरियाच्या दंशाने मात्र स्नायूंत पेटके येऊन ते काही दिवस टिकू शकतात. अशा वेळी मांत्रिकाकडे नव्हे, डॉक्टरकडे जावे.

घरातल्या कोळ्यावर आणखी एक आळ येतो. अंगावर फोडांची रांग उठली की ‘कोळी फिरला’ म्हणून लेप लावत बसतात. रायपुरात शेजारची मंडळी ‘मकडी फल गई’ म्हणतात, अर्थ तोच. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा नागीण असते, म्हणजे विषाणूचा आजार. तिच्यावरचे औषध पहिल्या 72 तासांत सुरू झाले तर चांगला गुण येतो. कोळ्याला दोष देण्यात तेच तास निघून जातात. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक छोटा किडा अंगावर चिरडला गेला तरी असेच चट्टे उठतात.

तेव्हा भिंतीवरच्या कोळ्याला चपलेने मारू नका. झुरळे हे त्याचे आवडते खाद्य आहे. अगदीच नको असेल तर त्याच्यावर रुंद बरणी पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि अंगणात सोडून द्या. सोडण्यापूर्वी मुलांना बरणीबाहेरून पट्टी धरून त्याचे धड मोजायला सांगा. इतक्या लहान जिवाला आपण घाबरत होतो, हे त्यांना पट्टीवरच दिसेल.