बाईक बदला, पण आधी मनगटाला विचारा

विशी-पंचविशीतली मुलं हाताला मुंग्या येतात, मान अवघडते, कंबर धरते म्हणून दवाखान्यात आली की मोबाईलबद्दल मी विचारतोच. हल्ली त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो: "गाडी कोणती, आणि तिच्यात काय बदललंय?" हँडल खाली घेतलं, फूटरेस्ट मागे सरकवले, मागचं टायर रुंद टाकलं. कशासाठी? "डॉक्टर, लूक येतो!"

बदल करायला माझा विरोध नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. गाडी आधी अंगाला जमली पाहिजे, मग रस्त्याला, आणि शेवटी डोळ्याला. आपण नेमके उलटीकडून सुरुवात करतो.

स्पोर्ट बाईकवर पुढे वाकून बसण्यामागे कारण आहे. त्यामुळे पुढच्या चाकावर भार येतो आणि वळणावर गाडीचा अंदाज नीट मिळतो. वेग जास्त असला की समोरचा वारा छातीला टेकू देतो. शहरात ताशी 25-30 किलोमीटरने जाताना हा टेकू मिळत नाही. मग धडाचा भार तळहातांवर येतो. त्यात सिग्नलगणिक क्लच दाबायचा. मनगटातली मधली नस दाबली गेली तर अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. करंगळीच्या बाजूची नस दाबली गेली तर करंगळी आणि अनामिका बधिर होतात. अंग पुढे आणि नजर रस्त्यावर, म्हणून मान सतत मागे वाकलेली राहते ती वेगळीच. फूटरेस्ट मागे-वर घेतले की वळणावर ते जमिनीला घासत नाहीत, पण गुडघा जास्त दुमडलेला राहतो.

चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या ड्यूक 390 आणि आरसी 390 पाहा. इंजिनाचं घराणं एकच, पण ड्यूकचं हँडल उंच आणि रुंद, तर आरसीचं खाली. कंपनीने दोन वेगळ्या वापरांसाठी दोन गाड्या केल्या, आणि हँडलबरोबर बाकीची मांडणीही बदलली. आपण फक्त हँडल बदलतो.

आरामासाठी केलेले बदलही फुकट मिळत नाहीत. हँडल उंच केलं की मनगट सुटतं, पण पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. ब्रेकचा पाईप आणि केबल ताणली जात नाही ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. सीटवर जाड फोम टाकला की पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. मूळ रिमवर फार रुंद टायर बसवलं तर त्याचा आकार बिघडतो आणि गाडी वळायला जड होते. गाडी खाली बसवली तर आपले स्पीडब्रेकर आहेतच.

म्हणून आधी बिनखर्चाचे उपाय करा. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन असा ठेवा की मनगट आणि हात एका रेषेत राहतील. टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. मागचं सस्पेंशन आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्या. टाकी गुडघ्यांनी धरा, म्हणजे हातांवरचा भार हलका होतो. मोठ्या प्रवासात तासा-दीड तासाने उतरा. त्यानंतरही बदल हवाच असेल तर एका वेळी एकच करा आणि दोन आठवडे चालवून बघा.

आरसे आणि मागच्या चाकावरचं साडी गार्ड मात्र लूकसाठी काढू नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला असावा, असा नियम आहे. मागे बसलेल्या आईचा पदर किंवा बहिणीची ओढणी चाकात गेली तर काय होतं, ते सांगायला नको. शिवाय परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड आहे.

गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल, मुंग्यांनी रात्री झोपमोड होत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. कंबरेची कळ पायात उतरत असेल तरीही दाखवा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

गाडीचा पार्ट बदलून मिळतो. मनगट आणि मणका मात्र जन्मभर तेच वापरायचे आहेत.