डबा आणि आतला जिन्नस

आमच्या आजोबांनी १९८९ च्या गणेशोत्सवात नाटकात काम केले होते. त्याची व्हीएचएस कॅसेट घरी होती. बाबांनी ती एका दुकानात दिली आणि सांगितले, ‘फोनवर चालेल असे करून द्या.’ त्याने तसेच केले. ३०० एमबीची एमपी४ फाईल! पुढे कॅसेटला बुरशी लागली. आता मोठ्या पडद्यावर आजोबांच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

एमपी४ वाईट, असे माझे म्हणणे नाही. तो नुसता डबा आहे. आत २००३ चे एच.२६४ असले की जवळपास कुठल्याही फोनवर चालते. नातेवाइकांना पाठवायला तेच बरे. २०१३ चे एच.२६५ साधारण निम्म्या जागेत तेच चित्र बसवते, पण जुन्या टीव्हीवर रुसते.

जपणुकीची प्रत मात्र निराळी हवी. कॅसेट डीव्ही स्वरूपात उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात. काही अभिलेखागारे एमकेव्हीच्या डब्यात एफएफव्ही१ भरून ठेवतात. जागा लागते, पण चित्रातले काही गळत नाही. संकलनही जड प्रतीवरूनच करावे. ताळेबंद कितीही सुबक जुळला तरी व्हाउचर फाडून टाका, असे आम्हा वाणिज्यवाल्यांना कोणतेही सर सांगत नाहीत.

गेल्या संमेलनातील मराठी एकांकिका व कन्नड नाटकाचे चित्रण मी मागितले. मिळाली ती व्हॉट्सॲपवर फिरून पिळून निघालेली प्रत. मूळ फाईल कोणाकडे आहे, याचा शोध चालू आहे.