शेजाऱ्याचा माज



शेठजी-भटजींना शिव्या घालणं आता सोपं झालंय. पानभर घाला, टाळ्या पडतात. या खेपेला वीतभर भिंतीबद्दल लिहायचंय. सोलापूरच्या चाळीत दोन खोल्यांच्या मधे असते ती.

१८७७ साली इथं जुनी गिरणी उभी राहिली. मागाहून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. भोंगा सगळ्यांना सारखाच. पण मागवाला सूतखात्यातल्याला खालचा समजायचा, सूतखात्यातला झाडूवाल्याला, आणि सगळे मिळून सेटलमेंटवाल्याला. जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात डांबलेली ही माणसं हजेरी देऊन गिरणीत राबायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून सुटली. शेजाऱ्यांच्या तोंडातून अजून सुटलेली नाहीत. कुठं चोरी झाली की बोट तिकडंच.

मुंबईत तर जास्त पगाराच्या कापडखात्यात आमच्या माणसाला घेतच नसत. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. आमची थुंकी सवर्ण कामगाराला चालत नव्हती. संपात मात्र खांद्याला खांदा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल टाकला, तेव्हा कामगार पुढाऱ्यांनी नाखुषीनंच मान डोलावली.

मालकाचं गणित साधं आहे. पगार कमी द्यायचा आणि तूट भरायला मान द्यायचा, की तू शेजाऱ्यापेक्षा एक पायरी वर. या मानाला बोनस लागत नाही. गोदीत रोज बघतो. पक्का नोंदणीवाला बदलीवाल्याशेजारी डबा उघडत नाही. कंबर दोघांचीही गेलेली.

लक्ष्मी-विष्णू चालू होती तेव्हा गिरणीवाल्याची बायको शेजारच्या विडीवालीकडं बसत नव्हती. म्हणे तंबाखूचा वास येतो. १९९० च्या दशकात गिरणी बंद पडली आणि हिच्याही मांडीवर सूप आलं. हजार विड्या वळायच्या, तपासणारा छाट काढणार, भरपाई पुन्हा हिच्याच मेहनतीतून. आता तरी दोघी एका उंबऱ्यावर बसाव्यात? नाही. 'आमचे हे गिरणीत होते' एवढं वाक्य हिनं ट्रंकेत जपून ठेवलंय. विडीवालीही काय कमी नाही. आली का खाली, म्हणून तिनं मनातल्या मनात पेढे वाटले.

आणि आपलं काय बे? नोकरी लागलेला आपला पोरगा कॉलनीत जातो, आडनाव बदलून दारावर पाटी लावतो. आपण त्याला दलित बामण म्हणतो. बरोबरच आहे. पण त्या शिवीत विचार किती आणि हेवा किती? उद्या त्याची खुर्ची तुला मिळाली तर वस्तीत राहशील?

कुंभारीला २००६ साली विडी कामगार बायांना दहा हजार घरं मिळाली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या बाया. वर्षानुवर्षं मोर्चे काढले, स्वतःचे पैसे भरले. त्या काय एका ताटात जेवत नव्हत्या. नळावर भांडतच असतील. पण मागणी एक धरली.

१२ जानेवारीला चार हुतात्मा चौकात हार पडतील. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३१ साली येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. दोराला जात विचारता आली नाही.

पुढच्या अंकासाठी कविता पाठवू नका, लई साचल्यात. हे लिहा: तुमच्या भिंतीपलीकडं कोण राहतं, काय काम करतं, दिवसाला किती पडतात, आणि त्याच्या माघारी तुमच्या घरात त्याला काय म्हणतात. खरं लिहा. कागदाच्या एकाच बाजूला.