अनुस्वार पडला कुठे?

शनिवारी रात्री साडेदहा वाजता मी बाल्कनीत गुडघे टेकून, मोबाइलच्या उजेडात एक टिंब शोधत होतो. लाकडाचं, चार मिलिमीटरचं. आमच्या 'सावंत' या आडनावावरचं!

त्याचं असं झालं. पाच दिवस ऑफिसात एक्सेल शीट भरून बोटं कंटाळतात. हाताने काहीतरी करावं म्हणून मी एक छोटा डायोड लेझर घेतला. आईबाबांच्या घराची पाटी पार उडाली होती, तेव्हा पहिलं काम ठरलेलंच. तीन मिलिमीटरच्या प्लायवूडमधून आडनाव कापायचं, मागच्या फळीवर चिकटवायचं, झालं! वाटलं, दोन तासांचं काम.

आधी विकत घेण्याचं सांगतो, कारण तिथेच मी फसणार होतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत '४० वॉट' लिहिलेलं असतं. बऱ्याचदा ती मशीन खाते ती वीज असते. प्रकाशाच्या रूपात बाहेर पडतात ते पाचच वॉट. म्हणून 'ऑप्टिकल पॉवर' किती, तेवढंच विचारा. पाचात नक्षीकाम मस्त होतं, पण प्लाय कापायचं असेल तर दहा बरे. आणि झाकण असलेलंच मशीन घ्या. हा निळा प्रकाश, साधारण ४५० नॅनोमीटरचा, लाकडावरून परतून आला तरी डोळ्याचा पडदा जाळू शकतो. स्टायलिश सनग्लासेस इथे शून्य कामाचे. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्माच हवा.

बाय द वे, मोठ्या वर्कशॉपमध्ये लाकूड-अॅक्रिलिक कापणारा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार केला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनीअरिंग पुण्याच्या सीओईपीचं! हे मी बाबांना तीनदा ऐकवलंय.

तर पाटी. मी झोकात 'सावंत' टाइप केलं, बटण दाबलं आणि हातात आले स, काना, व आणि त. सुटे सुटे. गोम अशी की फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते. पडद्यावर त्या एकमेकींवर चढतात म्हणून सलग दिसतात. लेझर बिचारा इमानेइतबारे प्रत्येकाची कड कापत जातो. उपाय म्हणजे अक्षरांचे आकार करून ते आधी एकजीव करायचे. लाइटबर्नमध्ये त्यालाच 'वेल्ड' म्हणतात. मग शिरोरेषाच सगळ्यांना धरून ठेवते. इंग्रजी पाटीवाल्यांना ही चैन नाही! फक्त अनुस्वार कुणालाच धरून नसतो. तो जाळीतून खाली पडला.

दुसऱ्या खेपेला वेल्ड जमलं. मशीन चालू असतानाच फोन वाजला आणि मी आत गेलो. दोन मिनिटांचं बोलणं. परत आलो तर 'त'च्या शेपटापाशी बोटभर ज्योत उभी, आणि वर दोरीवर वाळत घातलेले कपडे. स्विच बंद केला, ओलं फडकं टाकलं. पुढची दहा मिनिटं पाय थरथरत होते. फोनवर आईच होती, तिला अजून सांगितलेलं नाही. आता अग्निशामक सिलिंडर टेबलाशेजारी असतो, कपडे आत असतात आणि मशीन चालू असेपर्यंत मी हलत नाही. बेल वाजली तर वाजू दे.

धुराचंही तसंच. पंखा लावून पाइपने तो बाहेर सोडायचा. आणि उरलेला सनबोर्ड किंवा रेग्झीन 'बघू या तरी' म्हणून मशीनखाली ठेवायचा नाही. ते बहुतेक पीव्हीसी असतं. जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो फुप्फुसांना त्रास देतो आणि मशीन गंजवतो ते वेगळंच.

तिसरी खेप मात्र शहाण्यासारखी केली. त्याच प्लायच्या तुकड्यावर वेग आणि पॉवर बदलत छोटे चौकोन जाळून पाहिले. आपल्याकडच्या प्लायमध्ये कुठे गोंद जास्त, कुठे कमी, त्यामुळे एका शीटचा हिशेब दुसऱ्याला लागू पडत नाही. वरून मास्किंग टेप लावला, काळे डाग टळले. अनुस्वार हरवू नये म्हणून त्याला बारीक दांडी काढून शिरोरेषेला जोडला.

रविवारी पाटी घेऊन घरी गेलो. बाबांनी चष्मा पुसला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "अनुस्वाराला देठ कशाला? बोर आहे का ते?"

दांडी पॉलिशपेपरने घासून काढली. टिंब फेव्हिकॉलने चिकटवलं. शनिवारी बाल्कनीत सापडलेलं, तेच.