सेन्सरची परीक्षा द्राक्षाच्या रसात

२०१० साली भारतातून गेलेली द्राक्षे युरोपात अडकली आणि सांगली-नाशिकच्या बागायतदारांना मोठा फटका बसला. घड निर्दोष होते, साखर भरलेली होती. नडले ते क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या भाषेत सीसीसी. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते तेव्हा नव्हतेच. पुढे यादी वाढली. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा आणि निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ग्रेपनेट प्रणाली यांच्यामुळे निर्यातीच्या तपासणीची घडी बसली. अडचण राहिली ती वेळेची. रेसिड्यूचा अहवाल हाती येतो तेव्हा घड काढणीला आलेले असतात. पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांतले ठरलेले अंतर, पाळला, पण अंश खरोखर उतरला का, हे बांधावरच सांगणारे साधन तासगाव, मिरज, पलूसच्या बागायतदाराकडे नाही.

प्रकाशावर चालणारे एन्झाइम सेन्सर ही उणीव भरून काढू शकतील, असे आम्हाला ठामपणे वाटते. म्हणूनच त्यांच्यावरचे काम सध्या जिथे थांबते, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

तत्त्व वाचकांना ठाऊक आहे. कॅडमियम सल्फाइडच्या नॅनोकणांवर निळा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे होतात. शेजारी बसवलेले ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम ॲसिटिलथायोकोलिन फोडून थायोकोलिन तयार करते, थायोकोलिन होलला इलेक्ट्रॉन पुरवते आणि प्रकाशप्रवाह वाढतो. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातले कीटकनाशक एन्झाइमला बसले की थायोकोलिन घटते आणि प्रवाह पडतो. चालना प्रकाशाने द्यायची आणि मोजणी विजेने करायची, त्यामुळे पार्श्वभूमीचा गोंगाट कमी राहतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या इतामार विलनर यांच्या गटाने २००३ साली अशा इलेक्ट्रोडवर एन्झाइमरोधक ओळखून दाखवला. एन्झाइम इलेक्ट्रोडची मूळ कल्पना लेलंड क्लार्क यांची, १९६२ सालची. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले तेही १९६२ मध्येच.

हा उल्लेख सहज केलेला नाही. या सेन्सरचा अर्धा भाग आपल्या घरचा आहे. रासायनिक पद्धतीने पातळ थर बसवण्याचे काम शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात अनेक दशके चालले आहे. माने आणि लोखंडे यांचा मेटल चाल्कोजेनाइड थरांवरचा २००० सालचा आढावा जगभर संदर्भासाठी वापरला जातो. साताऱ्या-सांगलीच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या अनेकांनी हे हाताने केलेले आहे: बीकरमध्ये कॅडमियमचा क्षार, अमोनिया, थायोयुरिया, सत्तर-ऐंशी अंशांचे पाणी, आणि थोड्या वेळाने काचपट्टीवर चढणारा पारदर्शक पिवळा थर. महागडी निर्वात यंत्रणा लागत नाही. शिवार आणि थर बसवण्याचे कसब इतक्या जवळ असलेले प्रदेश थोडेच असतील.

पण आमच्या नियतकालिकाकडे येणाऱ्या बहुतेक लेखांत हा सेन्सर फॉस्फेट बफरमध्येच सुरू होतो आणि तिथेच संपतो. शोधमर्यादा नॅनोग्रॅमच्या खाली, आलेख सरळ रेषेत, आणि शेवटी ‘प्रत्यक्ष नमुन्यांसाठी उपयुक्त’ एवढे एक वाक्य. ते वाक्य आता सिद्ध करून दाखवले पाहिजे.

हिशेब करून पाहा. क्लोरपायरीफॉसची युरोपातली मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. द्राक्षाच्या रसाचा पीएच तीन ते साडेतीन, तर एन्झाइमला सात-आठच्या आसपासचा हवा. त्यासाठी रस बफरमध्ये दहापट पातळ केला, तर मर्यादेवरच्या नमुन्यात मिलिलिटरला एक नॅनोग्रॅम उरतो. सेन्सरला त्याहून बरेच खालचे दिसले पाहिजे. शिवाय क्लोरपायरीफॉस मूळ रूपात या एन्झाइमला फारसे रोखत नाही, त्याचे ऑक्सॉन रोखते. ऑक्सिडीकरणाची पायरी पद्धतीत नसेल तर फळात अंश असूनही सेन्सर ‘स्वच्छ’ म्हणेल. बागायतदाराचा घात होईल तो इथे.

तांब्याचा प्रश्न याहून कठीण आहे. आपल्या बागांत छाटणीनंतर आणि पावसाळी हवेत बोर्डो मिश्रण मारले जाते. द्राक्षावर तांब्याला युरोप किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा देतो, म्हणजे क्लोरपायरीफॉसच्या पाच हजारपट. तांब्याचे आयन थायोकोलिनला धरून ठेवतात आणि कॅडमियम सल्फाइडच्या पृष्ठभागावर कॉपर सल्फाइड तयार करून प्रवाह पाडतात. इलेक्ट्रोडला हे विषासारखेच दिसते. ईडीटीएने तांबे बांधता येते, पण ईडीटीए स्वतःच होलला इलेक्ट्रॉन देते. त्यापेक्षा शेजारी निष्क्रिय एन्झाइमचा दुसरा इलेक्ट्रोड ठेवून दोन्हींतला फरक मोजावा. प्रवाह पडल्यावर प्रॅलिडॉक्सिम घालून पाहावे. ऑर्गॅनोफॉस्फेटने रोखलेले एन्झाइम बऱ्याचदा पुन्हा जागे होते, तांब्याने झालेले नुकसान त्याने भरून येत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीत वेगळाच पेच आहे. तिच्या लाल रंगातले अँथोसायनिन ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते, आणि कॅडमियम सल्फाइडच्या शोषणाची कडही तिथेच येते. रसाने प्रकाश खाल्ला की प्रवाह पडतो, अंश असो वा नसो. वर फळात क जीवनसत्त्व भरपूर, ते होलला इलेक्ट्रॉन देऊन प्रवाह वाढवते. म्हणजे दोन चुका उलट दिशांना, आणि योगायोगाने एकमेकींना झाकणाऱ्या. काचेच्या मागून प्रकाश टाकणे आणि इलेक्ट्रोड रसात भिजवल्यावर धुऊन स्वच्छ द्रावणात मोजणे, हे दोन उपाय साधे आहेत. सांगलीच्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिली असेल तर त्यात सल्फाइट उरते, आणि याच थरांच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉन पुरवायला आपण सल्फाइटच वापरतो!

मर्यादाही बागायतदारापासून लपवू नयेत. हे एन्झाइम एका गटाची कीटकनाशके ओळखते. डाऊनी आणि भुरीसाठी मारलेली बहुतेक बुरशीनाशके त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि २०१० चे सीसीसीही त्याने पकडले नसते. म्हणून हे उपकरण प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेणार नाही. कोणता नमुना तातडीने पुढे पाठवायचा आणि कोणत्या प्लॉटची काढणी थांबवायची, एवढे त्याने खात्रीने सांगितले तरी पुष्कळ झाले. आणि खाण्याच्या फळाशेजारी कॅडमियम नेणे आम्हाला पटत नाही. बिस्मथ सल्फाइड, बिस्मथ व्हॅनाडेट हे पर्याय आपल्याच रासायनिक पद्धतींनी बसवता येतात, तिकडे वळावे. जतच्या उन्हात एन्झाइम किती तास टिकते, हा आकडाही शोधमर्यादेइतकाच मोलाचा आहे.

यापुढे अन्नातल्या अंशांवरच्या सेन्सरचा लेख आमच्याकडे पाठवताना किमान एका खऱ्या फळाचे निकाल, तांबे आणि क जीवनसत्त्व यांच्या उपस्थितीतली मोजणी आणि त्याच नमुन्यांचा एलसी-एमएस/एमएस अहवाल जोडावा. या तपासणीत सेन्सर नापास झाला तरी लेख पाठवा. तो का नापास झाला हे नीट मांडले असेल तर आम्ही छापू. द्राक्षाची काढणी जानेवारीत सुरू होईल, स्ट्रॉबेरी त्याआधीच बाजारात येईल. साताऱ्या-सांगलीतल्या विभागप्रमुखांनी ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच दोन-तीन बागायतदारांशी बोलून, फवारणीच्या नोंदीसह नमुने मिळण्याची सोय करून ठेवावी.